रिकाम्या जागा भरा: गहाळ वर्गवार माहितीसाठी मशीन लर्निंग, पायरीपायरीने

१८३६ आणि १८४३. या दोन आकड्यांत फक्त सातचा फरक आहे. पण हे सात जण कोण हे कळलं, की गहाळ माहिती भरण्याचं निम्मं काम समजलं असं मी म्हणेन.

आकडे 'अ‍ॅडल्ट' या फाइलमधले आहेत. अमेरिकेच्या १९९४ च्या जनगणना माहितीतून ती तयार केली आहे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या संग्रहातून कुणालाही मोफत उतरवून घेता येते. शिकवणीच्या भागात (ज्या ओळींवरून मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून अंदाज करायला शिकणारा प्रोग्रॅम, तयार होतो) ३२५६१ ओळी आहेत, एक ओळ म्हणजे एक माणूस: वय, शिक्षण, लग्न, कामाचे तास, देश, आणि वार्षिक उत्पन्न ५०००० डॉलरच्या वर की खाली. यात तीनच रकान्यांत माहिती गहाळ आहे, आणि तिन्ही वर्गवार आहेत, म्हणजे तिथलं उत्तर आकडा नसून ठरावीक पर्यायांपैकी एक असतं. नोकरीचा प्रकार (म्हणजे खासगी, सरकारी, स्वतःचा धंदा वगैरे) १८३६ ठिकाणी नाही, व्यवसाय १८४३ ठिकाणी नाही, आणि जन्मदेश ५८३ ठिकाणी नाही. ज्यांचा नोकरीचा प्रकार नाही त्या सगळ्यांचा व्यवसायही नाही. उरलेल्या सात जणांचा नोकरीचा प्रकार मात्र व्यवस्थित भरलेला आहे: 'कधीच काम केलं नाही'.

या सात जणांचा व्यवसाय गहाळ नाहीच, तो अस्तित्वातच नाही; त्यांचं योग्य मूल्य 'लागू नाही'. तिथे एखादं मॉडेल 'विक्री' किंवा 'कारकुनी' असं काही भरून गेलं, तर आपण खोटी माहिती तयार केली. प्रोग्रॅम मात्र कुठलीही चूक दाखवणार नाही. म्हणूनच हा लेख मॉडेलपासून सुरू न करता रिकाम्या जागेपासून सुरू करतो.

पायरी १: फाइल नीट वाचा

या फाइलमध्ये रिकाम्या जागी प्रश्नचिन्ह आहे. शिवाय प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा सोडलेली आहे. त्यामुळे पांडाजने (पायथन भाषेतल्या, तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने) साधेपणाने वाचली तर मूल्य '?' येत नाही, 'मोकळी जागा आणि मग ?' असं येतं. '?' शोधून बदलायला गेलात तर एकही सापडत नाही, आणि 'माझ्या माहितीत काहीच गहाळ नाही' असा समज होतो. फाइल वाचतानाच सुरुवातीच्या मोकळ्या जागा गाळायला सांगा आणि प्रश्नचिन्ह म्हणजे रिकामं हे कळवा. चाचणीच्या वेगळ्या फाइलमध्ये उत्पन्नाच्या उत्तरापुढे पूर्णविरामही आहे. तो काढला नाही तर दोनाचे चार वर्ग होतात.

उलटा घोटाळाही होतो. पांडाज 'एनए' ही दोन रोमन अक्षरं दिसली की आपणहून ती जागा रिकामी धरतं. देशांच्या संक्षिप्त खुणांत हीच अक्षरं नामिबियाची आहेत, म्हणजे अख्खा देश गायब. आयोवातल्या एम्स गावच्या घरांची जी प्रसिद्ध फाइल आहे तिच्यात तर पोहण्याच्या तलावाचा दर्जा १४६० पैकी १४५३ घरांना 'एनए' आहे. त्याचा अर्थ तलावच नाही. तिथे अंदाजाने 'उत्तम' भरणं म्हणजे लोकांच्या परसात तलाव खोदणं.

आपल्याकडच्या फॉर्मांवरून आलेली माहिती असेल तर आणखी सावध राहा. 'निरंक', 'लागू नाही', 'माहीत नाही', 'सांगितले नाही', आडवी रेघ, शून्य आणि खरोखर कोरी जागा, हे सगळं एकाच रकान्यात सापडतं. 'निरंक' हे उत्तर आहे. 'लागू नाही' हेही उत्तर आहे. भरण्याजोगी फक्त 'माहीत नाही' आणि कोरी जागा. त्या रकान्यात येणाऱ्या वेगवेगळ्या मूल्यांची मोजणी करून यादी छापा आणि एकेक ओळ डोळ्यांखालून घाला. अर्धा तास जातो, पण हा अर्धा तास कुठलंही मॉडेल वाचवू शकत नाही.

पायरी २: जागा रिकामी का आहे?

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली विभागणी आजही वापरात आहे. पहिली शक्यता: नोंद निव्वळ योगायोगाने गळली, जसं कागद ओला होऊन अक्षर पुसलं. दुसरी: गळण्यामागे कारण आहे, पण ते आपल्याकडच्या इतर रकान्यांत दिसतं, जसं तरुणांनी व्यवसाय कमी वेळा सांगितला आणि वय आपल्याला माहीत आहे. तिसरी: गळण्याचं कारण त्या मूल्यातच दडलंय, जसं विशिष्ट काम करणारे लोक ते काम सांगतच नाहीत. पहिल्या दोन शक्यतांत मॉडेल उपयोगी पडतं. तिसरीत ते शांतपणे चुकतं, आणि हाताशी असलेल्या माहितीवरून तिसरी शक्यता नाकारता येत नाही. ती आहे की नाही हे, माहिती कशी गोळा झाली ते माणसांना विचारूनच कळतं.

आता 'अ‍ॅडल्ट'मध्ये पाहू. सगळ्या लोकांत ५०००० डॉलरच्या वर कमावणारे ७८४१, म्हणजे सुमारे २४%. व्यवसाय गहाळ असलेल्या १८४३ जणांत असे फक्त १९१, म्हणजे सुमारे १०%. हा योगायोग नाही. या ओळी उघडून वाचल्या तर विशीच्या आसपासची मुलं आणि साठीपुढची माणसं जास्त दिसतात, कामाचे तासही कमी दिसतात. माझा कयास असा, की यातले बरेच जण तेव्हा नोकरीत नसावेत.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. 'व्यवसाय गहाळ आहे की नाही' हाच प्रश्न धरून एक छोटं वर्गीकरण मॉडेल शिकवा: वय, शिक्षण, तास, लग्न, लिंग यांवरून. ते नाणेफेकीइतकंच चालत असेल तर या रकान्यांत तरी गळण्याचं कारण दिसत नाही. नाणेफेकीहून स्पष्टपणे बरं चालत असेल तर गळण्याला आकार आहे. हे मॉडेल फेकून देऊ नका, पायरी ६ मध्ये लागणार आहे.

पायरी ३: भरायलाच हवं का?

तुम्हाला उत्पन्नाचा अंदाजच करायचा असेल तर बहुतेक वेळा भरू नका. 'अज्ञात' असा स्वतंत्र वर्ग करा. वर पाहिलं तसं व्यवसाय न सांगणं हीच एक माहिती आहे, आणि भरल्यावर ती पुसली जाते. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं हिस्टोग्रॅम पद्धतीचं ग्रेडियंट बूस्टिंग (एकामागून एक छोटे निर्णयवृक्ष रचून आधीच्यांची चूक कमी करणारी पद्धत) गहाळ मूल्यांसह काम करू शकतं; यांडेक्स कंपनीच्या कॅटबूस्टला मात्र वर्गांच्या रकान्यातल्या कोऱ्या जागी 'अज्ञात' असं लिहूनच द्यावं लागतं.

भरण्याची गरज पडते ती मुख्यतः व्यवसायवार तक्ते काढायचे असतील, गटागटांची तुलना करायची असेल, किंवा पुढची पद्धत रिकामी जागा घेतच नसेल तेव्हा. 'मग त्या ओळीच काढून टाकू' हा मोह होतो. 'अ‍ॅडल्ट'मध्ये तसं केलं तर ३०१६२ ओळी उरतात, २३९९ माणसं जातात, आणि ती प्रामुख्याने कमी कमावणारी.

माणसांच्या बाबतीत आणखी एक रेघ मी ओढतो. जात, धर्म, लैंगिक ओळख यांसारखे रकाने रिकामे असतील तर आडनावावरून किंवा पत्त्यावरून मॉडेलने ते भरू नयेत. माणसाने ते सांगितलं नाही, हा त्याचा निर्णय असू शकतो. तिथे 'सांगितले नाही' हेच योग्य मूल्य आहे.

पायरी ४: आधी सगळ्यात साधी पद्धत, आणि तिचे आकडे लिहून ठेवा

साधी पद्धत म्हणजे सर्वाधिक वेळा येणारं मूल्य सगळीकडे भरणं. सायकिट-लर्नचं सिंपल-इम्प्यूटर (इम्प्यूटर म्हणजे रिकाम्या जागा भरणारं साधन) हे एका ओळीत करतं. व्यवसायात सर्वाधिक आहेत ते व्यावसायिक तज्ज्ञ: माहीत असलेल्या ३०७१८ पैकी ४१४०. म्हणजे ही पद्धत १०० पैकी सुमारे १३ वेळा बरोबर येईल. शिवाय १८४३ जागा त्याच वर्गात गेल्या की तज्ज्ञांची संख्या ४१४० वरून ५९८३ होते, जवळपास ४५% वाढ, आणि तीही ज्यांत मुलं आणि म्हातारी माणसं जास्त आहेत अशा गटातून!

जन्मदेशाच्या रकान्यात मात्र हीच पद्धत सुमारे ९१% बरोबर दिसते, कारण ३१९७८ पैकी २९१७० जण अमेरिकेतलेच. भारतात जन्मलेले १०० जण आहेत, आणि ही पद्धत त्यांच्यातला एकही कधी ओळखणार नाही. म्हणून 'माझं मॉडेल ९१% अचूक आहे' असं कुणी म्हटलं, की आधी विचारायचं: काहीच न शिकता किती येतं?

पायरी ५: मॉडेल निवडा आणि रकाने तयार करा

मूळ कल्पना सोपी आहे. ज्या ओळींत व्यवसाय माहीत आहे त्या शिकवणीला, ज्यांत नाही त्या भरायला. व्यवसाय हे उत्तर, बाकीचे रकाने हे पुरावे. म्हणजे हे साधं वर्गीकरणाचं काम झालं.

इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: वर्गांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे आणि के-एन-एन इम्प्यूटरला (सर्वांत जवळच्या काही ओळी, म्हणजे 'शेजारी', पाहून भरणाऱ्या साधनाला) द्यायचे. ते शेजाऱ्यांची सरासरी काढतं. शेती १ आणि विक्री ४ असेल तर उत्तर २.५ येतं, आणि मग कुणीतरी ते ३ करून 'सुतारकाम' भरतं. शेतकरी आणि विक्रेता यांच्या मधोमध सुतार नसतो. रकाने पाळीपाळीने भरणारं इटरेटिव्ह इम्प्यूटरही मूळ ठेवणीत आकड्यांचाच अंदाज करतं, त्यामुळे तिथेही हेच होतं. शेजाऱ्यांची पद्धत वापरायचीच असेल तर वर्गांच्या रकान्यांत 'जुळतं की नाही' एवढंच मोजणारं अंतर घ्या, आणि सरासरीऐवजी शेजाऱ्यांचं मतदान घ्या.

मी सहसा ग्रेडियंट बूस्टिंग घेतो. वर्गांचे रकाने पांडाजमध्ये 'कॅटेगरी' प्रकारचे ठेवायचे आणि मॉडेलला ते वर्ग आहेत हे सांगायचं. रँडम फॉरेस्टही (अनेक निर्णयवृक्षांचं मतदान घेणारी पद्धत) चांगलं चालतं. एकापेक्षा जास्त रकाने गहाळ असतील तर पाळीपाळीने भरायचं: आधी सगळीकडे तात्पुरतं काहीतरी, मग पहिला रकाना बाकीच्यांवरून, दुसरा बाकीच्यांवरून, आणि आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या. आर या सांख्यिकीच्या भाषेतलं मिसफॉरेस्ट हेच रँडम फॉरेस्टने करतं. आरमधलंच माइस हे पॅकेज दोनच पर्याय असलेल्या रकान्याला लॉजिस्टिक, क्रम नसलेल्या अनेक वर्गांना बहुवर्गीय आणि क्रम असलेल्यांना वेगळं मॉडेल आपणहून लावतं. आर येत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

रकाने निवडताना तीन गोष्टी. शिक्षण या फाइलमध्ये दोनदा आहे, एकदा शब्दांत आणि एकदा आकड्यात, त्यातलं एकच ठेवा. 'एफ-एन-एल-डब्ल्यू-जी-टी' हा रकाना सर्वेक्षणातलं वजन आहे (ही ओळ लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायची ते), माणसाचा गुण नाही, तो पुराव्यांतून वगळा. आणि उत्पन्नाचा रकाना: पुढे उत्पन्नाचाच अंदाज करायचा असेल तर तो भरण्याच्या मॉडेलला दाखवू नका, कारण नव्या माणसाचं उत्पन्न तेव्हा माहीत नसेल. पण व्यवसाय आणि उत्पन्न यांचा संबंध अभ्यासायचा असेल, तर तो घ्यायलाच हवा. नाही घेतला तर भरलेल्या ओळींत तो संबंध पातळ होतो. एकाच रकान्याला दोन कामांत दोन उलटे नियम आहेत, आणि यातच लोक हमखास गोंधळतात.

पायरी ६: जसं गळलंय तसंच लपवून तपासा

खरं उत्तर माहीत नाही, मग मॉडेल बरोबर आहे हे कसं कळणार? नेहमीचा सल्ला असा: माहीत असलेल्यांतली काही मूल्यं मुद्दाम लपवा, भरा आणि ताडून पाहा. सल्ला योग्य आहे. पण कुठल्या ओळी लपवायच्या आणि त्यांच्याबरोबर काय लपवायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

पुन्हा आपल्या १८३६ जणांकडे या. त्यांचा व्यवसाय नाही आणि नोकरीचा प्रकारही नाही. तुम्ही चाचणीत फक्त व्यवसाय लपवलात तर मॉडेलच्या हातात नोकरीचा प्रकार राहतो. स्थानिक सरकारी नोकर म्हटला की पोलीस, शिक्षक अशा दिशा मिळतात आणि गुण वाढतात. खऱ्या रिकाम्या ओळीत तो पुरावा नसतोच. तेव्हा चाचणीच्या ओळींत दोन्ही रकाने एकत्र लपवा, किंवा नोकरीचा प्रकार शिकवणीतूनच वगळा. गुण खाली येतील. तेच खरे गुण.

ओळी निवडताना पायरी २ मधलं मॉडेल काढा. ते प्रत्येक ओळीला 'ही गहाळ असण्याची शक्यता किती' हे सांगतं. माहीत असलेल्या ओळींतून ज्यांची ही शक्यता जास्त, त्या जास्त प्रमाणात चाचणीला घ्या. चाळिशीतल्या, आठवड्याला पन्नास तास राबणाऱ्या माणसाचा व्यवसाय ओळखता येणं इथे बिनकामाचं आहे. एकोणीस वर्षांच्या, वीस तास काम करणाऱ्या मुलीचा येतो का, ते पाहायचंय.

याहून ठळक उदाहरण अळिंबीचं आहे. अर्व्हाइनच्या त्याच संग्रहात ८१२४ ओळींची अळिंबीची फाइल आहे, २३ जातींच्या पुस्तकी वर्णनांवरून तयार केलेली. त्यात देठाच्या बुडाचा आकार २४८० ओळींत गहाळ आहे. एकेका जातीच्या वर्णनातून सरासरी साडेतीनशे ओळी निघाल्यामुळे ओळी एकमेकींच्या जुळ्या बहिणी आहेत. सरसकट चिठ्ठ्या टाकून दहा टक्के मूल्यं लपवलीत, तर प्रत्येक लपलेल्या ओळीची बहीण शिकवणीत बसलेली असते, आणि मॉडेल जवळपास सगळं बरोबर सांगतं. तुम्ही खूश होता. पण एखाद्या जातीच्या वर्णनात बुडाचा आकार दिलेलाच नसेल तर त्या जातीच्या सगळ्याच ओळी रिकाम्या असणार, आणि तिथे मदतीला बहीण नाही. अशा वेळी गंध, रंग, बीजाणूंचा रंग यांवरून सारख्या ओळींचे गट पाडा आणि अख्खे गट लपवा.

त्याच रकान्याच्या वर्णनात पेल्यासारखं बूड आणि तंतुमय बूड असे दोन प्रकार छापलेले आहेत, पण फाइलमध्ये त्यांची एकही ओळ नाही. गहाळ ओळींतल्या काहींचं बूड खरोखर पेल्यासारखं असलं, तरी मॉडेल ते कधीच सांगू शकणार नाही. आणि या २४८० ओळी टाकून द्यायच्या म्हटल्या तर त्यांतल्या १७६० विषारी आहेत. फाइलमधलं विषारींचं प्रमाण ४८% वरून ३८% वर येतं.

गुण मोजताना फक्त अचूकता पाहू नका. वर्गवार किती सापडले ते पाहा, आणि शक्यता खऱ्या आहेत का ते पाहा: मॉडेल जिथे जिथे ७०% म्हणतं, तिथे शंभरात सत्तरच्या आसपास बरोबर यायला हवं. मॉडेलने खऱ्या उत्तराला किती शक्यता दिली होती हे लॉग-लॉस हा आकडा मोजतो; तो जितका कमी तितकं चांगलं.

पायरी ७: उत्तर भरू नका, शक्यता भरा

समजा एका ओळीसाठी मॉडेल म्हणतं: इतर सेवा ३४%, विक्री २८%, कारकुनी २१%, बाकी १७%. सगळ्यात मोठा म्हणून 'इतर सेवा' भरलं, आणि अशा शंभर ओळी असल्या, तर शंभरही 'इतर सेवा' होतात. मोठे वर्ग फुगतात, लहान संपतात. सैन्यदलाच्या तर संपूर्ण फाइलमध्ये नऊच ओळी आहेत, त्यांचा क्रमांक कधीच पहिला येणार नाही.

त्यापेक्षा शक्यतांच्या प्रमाणात सोडत काढा: शंभरात साधारण ३४ वेळा इतर सेवा, २८ वेळा विक्री. एकेका ओळीत चूक वाढेल, पण तक्ते खऱ्याच्या जवळ राहतील. मग ही सोडत एकदाच न काढता वीस वेळा काढा आणि वीस पूर्ण फायली करा. प्रत्येक वेळी शिकवणीच्या ओळींतून पुन्हा नमुना घेऊन मॉडेल नव्याने शिकवा, म्हणजे मॉडेलची स्वतःची अनिश्चितताही त्यात येते. शेवटचं विश्लेषण वीसही फायलींवर करा. उत्तर म्हणजे विसांची सरासरी. त्याचं एकूण विचरण (आकडे किती पसरले आहेत याचं माप) म्हणजे प्रत्येक फाइलमधल्या विचरणांची सरासरी, अधिक फायलीफायलींतल्या फरकाचं विचरण गुणिले (१ + १/२०). हाही रुबिन यांचाच नियम. एकाच भरलेल्या फाइलवर काम केलं की उत्तरातल्या संभाव्य चुकीची पट्टी (एरर बार) खोटी अरुंद दिसते, कारण अंदाजाला आपण मोजणी समजून बसतो.

वर्गांचं प्रमाण सारखं करण्यासाठी मॉडेलला 'लहान वर्गाला जास्त वजन' अशी सेटिंग देऊ नका. त्याने शक्यता वाकतात आणि सोडत चुकते. ओळ माणसाला दाखवून एकच उत्तर द्यायचं असेल, तर एक उंबरठा ठरवा, समजा ६०%. त्याखालच्या ओळी 'अज्ञात'च राहू द्या.

पायरी ८: भरल्यावर

भरलेल्या प्रत्येक रकान्याशेजारी 'हे भरलेलं आहे' असा हो-नाही रकाना ठेवा आणि तो कधीही काढू नका. मूळ फाइल तशीच राहू द्या. मग तपासा: भरलेल्या ओळींतलं व्यवसायांचं वाटप माहीत असलेल्यांपेक्षा वेगळं दिसेल, आणि ते दिसायलाच हवं, कारण माणसं वेगळी आहेत. पण सारख्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांत ते जवळजवळ सारखं यावं. एकाच ओळीत एकमेकांशी न जुळणारी मूल्यं शोधा. ते सात जण 'लागू नाही' या वर्गातच आहेत ना, हे दरवेळी एका ओळीच्या तपासणीने पाहा.

शिकवणी आणि चाचणी यांची विभागणी भरण्याच्या आधी करा. भरण्याचं मॉडेल फक्त शिकवणीच्या ओळींवर शिकवा, आणि अंदाजाच्या मॉडेलसोबत एकाच पाइपलाइनमध्ये (सगळ्या पायऱ्या क्रमाने चालवणाऱ्या साखळीत) साठवा, म्हणजे उद्या नवी ओळ आली की तीही त्याच रीतीने भरली जाईल. नव्या माहितीत कधी न पाहिलेला वर्ग आला तर काय करायचं हेही आजच ठरवून ठेवा. मी तो 'अज्ञात'मध्ये टाकतो आणि दर महिन्याला असे किती आले ते मोजतो. संख्या वाढायला लागली, की फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला फोन करतो.